उंबऱ्याजवळचा सांधा

चौसाळा,
९ जानेवारी २०२५

ती. वनमालाआक्कास,
आश्रुबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक हाय. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई, अन् माझ्या बोटाला मोबाईल इचारत न्हाई. सिमेंटनं बोटं अशी घासलीत की काचेवर कितीबी दाबा, काईच हलत न्हाई. रेशनच्या मशीनवरबी तीच गत. मागच्या महिन्यात दुकानदार म्हणला, "आश्रुबा, तू जिवंत हाईस का नक्की?" म्हणून कागद काढला.

काम असं हाय. वाडीच्या आपल्या शाळेची फरशी नवी करायचं ठरलंय. जुन्या पोरांनी समिती केली, अध्यक्ष अभिमन्यू. माझ्याच वर्गातला, पेपरात माझं बघून लिहायचा. म्हणलं घरचंच काम हाय. तर गडी म्हणतो कसा, "आश्रुबा, तोंडी चालत न्हाई आता. लेखी प्रस्ताव दे, सही-शिक्क्यासकट. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत. बाकी दोघांनी दिले बी, रंगीत छापून."

आक्का, पस्तीस-चाळीस वर्षं झाली फरशी बसवतो. बीडापास्नं केजपर्यंत किती घरात माझ्या फरशीवर लोकं जेवतेत. पण प्रस्ताव कधी लिहिला न्हाई. तुमी जन्मभर पुण्यात सरकारी कचेरीत टेंडरच्या फायली बगितल्या. तुमीच सांगा बरं हाय का. मी लिहिलेलं हे असं:

"अध्यक्षसाहेब, मी आश्रुबा तानाजी, मिस्त्री. शाळेची जुनी शहाबादी फरशी उचलून, उलटी करून, घासून परत बसवीन. सांधे गरजेप्रमाणे भरीन. काम चांगलं करीन. लवकर करीन. माझ्यावर भरोसा ठेवावा. आपल्या घरी सर्वांना नमस्कार."

काई राहिलं असलं तर सांगा. हे काम मला पाहिजेच हाय. दुसरं कोणतंबी गेलं तर चालंल, हे न्हाई.

तुमचा,
आश्रुबा


पुणे,
१८ जानेवारी २०२५

चि. आश्रुबास,
वनमालाचे अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली. अरे, प्रस्तावात घरी सर्वांना नमस्कार कोण लिहितं? सोयरीक जमवतोयस का शाळेशी?

आता नीट ऐक. पस्तीस वर्षं मी ह्याच कागदांवर लाल शाई ओतली आहे. 'चांगलं' म्हणजे काय? चांगलं सगळेच करतात. 'लवकर' म्हणजे किती दिवस? 'भरोसा ठेवा' हे ज्याच्यावर ठेवता येत नाही तोच लिहितो. तू आधी शाळेत जा आणि टेप लावून मोज. आज तिथे काय आहे ते लिही. मग तू काय करणार, कोणत्या क्रमानं, किती दिवसांत, आणि काम झाल्यावर काही उखडलं तर काय करशील, ते लिही. वाचणाऱ्याला खुर्चीत बसून शाळा दिसली पाहिजे.

आणि तो 'गरजेप्रमाणे' काढ आधी. गरजेप्रमाणे ही पळवाट असते. गरज कोण ठरवणार? तूच ना? 'सर्व सांधे खरवडून नव्याने भरणे' असं लिही. 'सर्व' लिहिलं की माणूस बांधला जातो, आणि बांधलेल्या माणसालाच काम मिळतं.

एक विचारते, सगळीकडे टाईल बसवतात, तू जुन्या दगडावर का अडलास? टाईल बसवायलाही सोपी. आणि तुझे गुडघे? तुझ्या बायकोनं, केसरबाईनं, मागे कळवलं होतं की डॉक्टरांनी मांडी घालून बसायला बंदी केली आहे म्हणून.

तुझ्या पत्रानं शाळा डोळ्यांपुढे आली रे. माझ्या वेळी कुठली फरशी! दर शनिवारी आम्ही मुलींनी शेणानं सारवायचं. मुलं शेण आणायची नि बाहेर झाडाखाली हुंदडायची, सारवायचं आम्ही. बाबा मुख्याध्यापक म्हणून मला सूट असेल असं वाटत असेल तुला, पण मला सगळ्यात मोठी खोली. रविवारभर हाताचा वास जायचा नाही. आता त्या वासाची आठवण आली तरी भूक लागते, काय सांगू.

शिवशंकरही बाबांच्या नावानं शाळेला काहीतरी देणार म्हणतो आहे. आजोबांना त्यानं फारसं पाहिलं नाही, पण ओढ आहे. संगणक वगैरे असेल. मला सांगत नाही, म्हणतो आई, तुला अचानक दाखवीन.

मोजमाप घेऊन पुन्हा लिही. मोबाईलवर नको, कागदावरच. हात बसेल.

तुझी,
आक्का


चौसाळा,
२७ जानेवारी २०२५

ती. आक्कास नमस्कार.

नमस्कार काढला बरं का प्रस्तावातला. तुमाला तरी घालू का न्हाई?

गेलतो शाळेत. केसरबाईला टेपचं एक टोक धराया नेलं. चार खोल्या, वीस बाय वीसच्या. म्होरं व्हरांडा, ऐंशी फूट लांब अन् आठ रुंद. दोन फुटी फरशी, एकंदर पाचशे साठ. एकेक वाजवून बगितली. सदतीस फुटक्या हायत, त्यातल्या बावीस व्हरांड्यात, नळाच्या बाजूला. तिसऱ्या खोलीत ढाळ उलटा झालाय, जमीन खचली. पावसाळ्यात पाणी बाहेर जायच्या ऐवजी फळ्याखाली येऊन बसतं. शाळेच्या बाई म्हणल्या, चार महिने तिथं पोरं बसवत न्हाईत. हे सगळं लिहिलं. 'सर्व सांधे' बी लिहिलं, तुमच्या सांगण्यावरनं. तेवढं लिहिताना हात जरा अडला होता, पण लिहिलं.

टाईल कावून नको म्हणता? वल्या पायानं पोरगं टाईलवरनं घसरतं. उन्हाळ्यात दगडावर बसलं की बूड थंड ऱ्हातं. अन् ही फरशी वरनंच झिजली हाय, खालची बाजू आजून कोरी. उलटी केली की अजून चाळीस वर्षं. शाळंत दावलं अभिमन्यूला एक उचलून. त्यो म्हणला, "बे, पण टाईल फुकट मिळायली. पुण्याचा कुणी दाता हाय, नाव छापू नका म्हणतो सध्या. नुसती बसवायची मजुरी." आता फुकटाच्या म्होरं माझा दगड कसा टिकायचा?

गुडघ्याचं खरं हाय. म्हणूनच हे शेवटचं. पह्यलं काम हेच होतं माझं, शेवटचंबी हेच करून थापी धुऊन ठेवावी म्हणतो.

आक्का, तुमी त्या साली बाळंतपणाला आलतात, छ्याऐंशीला. आठवतंय का? मी दहावी नापास. दादा म्हणला, चल बापासंगं कामाला. गुरुजींनी, तुमच्या बाबांनी, गावात फिरून फरशीचे पैसे जमवलते. दगडाचा ट्रक ओढ्यात रुतला, तिथनं बैलगाड्यांनी आणली. सगळा मे महिना आमी दोघं त्या खोल्यांत. जूनमधी शाळा उघडली, तर पोरं दारातच उभी. आत पाय टाकंनात! कुणी सांगितलं न्हवतं, तरी समद्यांनी चपला बाहेर काढल्या. ज्यांच्या पायात चपला न्हवत्या त्यांनी पाय पुसले. गुरुजींनी डोळ्याला धोतराचा सोगा लावलेला मी बगितला, अन् दादा नुसता हसत होता.

दुसरा खर्डा जोडलाय. लाल शाई ओता.

आश्रुबा


पुणे,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आश्रुबास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे.

खर्डा वाचला. दुरुस्त करण्यासारखं फार नाही.

मी विचार करत होते. तू हे काम सोडावंस असं वाटतं. तुझे गुडघे, तुझं वय, भर उन्हाळा. टाईल कुणी देत असेल तर देऊ दे, शाळेचं भलंच आहे. जुनं ते कुठवर धरून बसायचं? केसरबाईलाही बरं वाटेल.

रागावू नकोस.

आक्का


चौसाळा,
१६ फेब्रुवारी २०२५

आक्का,

रागावू नको म्हणता. रागावलोय. तीनदा वाचलं तुमचं पत्र. लेक तेजश्रीकडूनबी वाचून घेतलं, म्हणलं माझंच काई चुकतंय का. पोरगी म्हणली, आत्याबाई काईतरी लपवायल्यात. मी तिलाच रागावलो.

कावून सोडू? गुडघ्याचं निमित्त मला सांगू नका. काय, माझा कागद तुमच्या कचेरीच्या मानानं गावठी वाटला? आडाणी तानाजीचा नापास पोरगा, प्रस्ताव काय लिहिणार, असंच ना? मग तसं सरळ लिहा की.

आता मीबी सरळ लिहितो. घसरायचं, ढाळाचं, सगळं खरं हाय. पण माझं कारण दुसरंच हाय. ते केसरबाईला सोडून कुणाला सांगितलं न्हाई.

दादाला सही येत न्हवती, तुमाला म्हाईत हाय. गुरुजी अन् दादा सख्खे मावसभाऊ. एक शिकून मुख्याध्यापक झाला अन् एक अंगठेवाला ऱ्हायला. पण दादा कोणत्याबी घराची फरशी संपली की उंबऱ्याजवळच्या शेवटच्या सांध्यात वल्या सिमेंटवर अंगठा दाबायचा. हीच त्याची सही. बाकीच्या घरात टाईल झाल्या, स्लॅब झाले, एकबी अंगठा ऱ्हायला न्हाई. मी बघत फिरलोय. कडा गावाला एक होता, मागच्या दिवाळीत त्योबी गेला. शाळंतला तेवढा हाय. पह्यल्या खोलीच्या उंबऱ्याला आतनं, उजव्या हाताला.

दादाचा एक फोटो न्हाई माझ्याकडं, आक्का. त्या काळी कोण काढायचं? केजला बाजाराला जाताना मी वाडीत उतरतो. शाळा सुटल्यावर त्या सांध्यात माझा अंगठा घालतो. बरोबर बसतो. दोन मिनिटं बसलं की दादाजवळ बसल्यावानी वाटतं, मग पुढच्या जीपनं जातो. टाईल आली की ते बुजलं. झालं.

आता तुमाला हसायचं तर हसा. प्रस्ताव मी देणारच हाय. तुमची लाल शाई लागो न लागो.

आश्रुबा


पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

माझ्या भावा,

तेजश्री हुशार आहे. तिला रागावलास त्याबद्दल तिची माफी माग.

टाईल देणारा शिवशंकर आहे. तुझं जानेवारीतलं दुसरं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्यानं मला पाटीचा नमुना दाखवला. 'कै. गुरुजींच्या स्मरणार्थ', खाली त्यांचा फोटो, सोनेरी अक्षरं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि दुसऱ्या क्षणी तुझा खर्डा टेबलावर दिसला. एकीकडे मुलगा, एकीकडे तू. मी पंधरा दिवस पत्र लिहायला बसायची आणि उठायची. शेवटी गुडघ्यांच्या आड लपले. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदातल्या पळवाटा शोधल्या आणि स्वतः ही एवढी मोठी काढली. मला लाज वाटते.

तुझा कागद गावठी वाटला, असं पुन्हा कधी लिहू नकोस. कान ओढीन. माझ्या कचेरीत असा प्रस्ताव वर्षातून एखादा यायचा.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तुझ्या दादानं तो अंगठा पहिल्यांदा उठवला तो आपल्या शाळेत, आणि मी तिथे होते. शिवशंकर तीन महिन्यांचा, माझ्या कडेवर. तू पाणी आणायला गेला होतास. मजुरीच्या पावतीवर बाबांनी निळ्या शाईचा डबा पुढे केला. दादांनी अंगठा उठवला आणि धोतराला असा पुसला, असा पुसला, की जणू काही चोरी केली. वर बघेनात. बाबा म्हणाले, "तानाजी, कागदाचं काय घेऊन बसलास, तो उंदीर खाईल. सही करायची तर तुझ्या कामावर कर." आणि हाताला धरून उंबऱ्यापाशी नेलं. दादांनी वाकून अंगठा दाबला. उठले तेव्हा मान ताठ होती त्यांची. मी हे कसं विसरले होते कोण जाणे.

आता कामाचं. हा अंगठा प्रस्तावात लिहू नकोस. तुझं कारण तुझ्यापाशी ठेव, त्यांना त्यांचं कारण दे. पाणी, ढाळ, सदतीस फरश्या. शिवशंकरला मी काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तो बैठकीला येणार आहे, कागद वाचेल आणि ठरवेल. आईच्या शब्दावर मिळालेलं काम तुलाही गोड लागायचं नाही.

खर्ड्यात फक्त तीन ठिकाणी हात लावला आहे. बाकी तसाच स्वच्छ कागदावर उतरव. शिक्का नसला तर नसू दे. सही ठळक कर.

तुझी,
आक्का


चौसाळा,
२६ मे २०२५

ती. आक्कास, आश्रुबाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तेजश्रीची माफी मागितली. म्हणली, माफीसंगं आंबे पाहिजेत. आणले.

मार्चमधी तार केल्यावानी दोनच ओळी लिहिल्या होत्या, काम मिळालं म्हणून. तवा समदं सांगायला सवड न्हवती. आता फरशी झाली, आता सांगतो.

बैठकीत अभिमन्यूनं तिन्ही कागद मोठ्यानं वाचले. एका रंगीत कागदात शाळेच्या खोल्या पाच लिहिलेल्या! शिवशंकर म्हणला, "पाचवी कुठं हाय?" मग माझा वाचला. त्यानं इचारलं, "ह्या सदतीस कुणी मोजल्या?" म्हणलं, मी अन् केसरबाईनं. उठला, तिसऱ्या खोलीत गेला, फळ्याखालचे वलीचे डाग बगितले. बूट काढून अनवाणी फिरला जरा वेळ. परत येऊन म्हणला, "टाईल खिचडीच्या खोलीला अन् मुतारीला लावा. इथं ह्यांचाच दगड ठेवा." अभिमन्यू म्हणला, मग गुरुजींची पाटी मुतारीवर लावायची का? लई हसले लोक. पाटी वाचनाच्या कपाटावर लागली हाय, पोरं तिला हात लावून पुस्तकं काढतेत. तुमचा मुलगा गुरुजींवर गेलाय, आक्का. रागात असला की भुवई तशीच चढती.

एक मे पास्नं लागलो. पोत्याच्या घडीवर पाट, पाटावर मी. केसरबाईनं माल कालवला. उलट्या केलेल्या फरश्या घासल्यावर अशा निळ्या-करड्या निघाल्या की मी पाणी मारून नुसता बघत बसायचो. प्रस्तावात बावीस दिवस लिहिले होते, विसाव्या दिवशी शेवटच्या उंबऱ्यापाशी आलो. ते मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं.

मनात होतं, दादाचा सांधा तेवढा सोडायचा. कुणाला कळणार हाय? अभिमन्यू आलता. त्याला म्हणलं, हे असं हाय. त्यो बिचारा खाली बसला, हात लावून बगितलं, म्हणला, "सोड बे तेवढा. मी अध्यक्ष हाय, मी सांगतो." मलाबी तेच ऐकायचं होतं.

पण आक्का, तुमी 'सर्व' लिहायला लावलं होतं. खाली सही माझी. अन् सांधा नीट बगितला तर अंगठ्याच्या बाजूनं केसाएवढी चीर गेलती, आतनं मुंग्यांनी माती काढलेली. त्यो तसा ठेवला असता तर दोन पावसाळ्यांत उंबऱ्याची फरशी हलली असती. दादानं कुणाच्याबी घरात असा सांधा ठेवला न्हाई कधी. दुसऱ्या कुणी ठेवला तर शिव्या द्यायचा. त्याच्या सहीसाठी त्याचंच काम खराब करू? तासभर बसून ऱ्हायलो. केसरबाई चहा करायला खिचडीच्या खोलीत गेली तवा छिन्नी घेतली अन् खरवडला. हातोडी वापरली न्हाई. रडलो, सांगायला लाज न्हाई. निघालेलं सिमेंट मूठभर बी न्हवतं.

मग माल भरला, थापीनं वढला. अन् तुमच्या पत्रातलं गुरुजींचं बोलणं आठवलं. इकडं तिकडं बगितलं, अन् दाबला अंगठा.

उचलून बगितलं तर रेघ एक न्हाई. नुसता गुळगुळीत खळगा. मला लई वाईट वाटलं. म्हणलं, रेशनच्या मशीनला कळत न्हाई ते सिमेंटला काय कळणार. माझी सहीबी उठंना.

तेवढ्यात केसरबाई चहा घेऊन आली. कपबशी हातात, वाकून बगितलं, अन् तिचा चेहरा असा खुलला! म्हणली, "बरं केलंत, अहो. दादांचा अंगठा ऱ्हाऊ दिलात."

मी कपबशी घेतली. मग ध्यानात आलं आक्का, इतकी वर्षं मी त्यात बोट घालत आलो, दादाच्या खुणेतबी रेघ न्हवती. त्याच्याबी बोटाच्या रेघा अशाच कुणाच्या कुणाच्या फरशीत गेलेल्या.

केसरबाईला आजून सांगितलं न्हाई. तुमी आल्या की बगा अन् ठरवा, तिला सांगायचं का न्हाई ते. सोळा जूनला शाळा उघडती. शिवशंकरला घेऊन या. चौसाळ्याला उतरा, मी जीप सांगून ठेवतो.

तुमचा भाऊ,
आश्रुबा तानाजी